बाईंची बादली

"आधी दहा दगड, मग खेळ," हा निवृत्त नर्सबाईंचा मैदानावरचा कायदा, लहानथोर सगळ्यांना. पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या बांधून त्या मेटाकुटीला आल्या होत्या. चार वर्षं दररोज त्या बादली घेऊन उभ्या. वेचलेल्या दगडांचा गावकऱ्यांनी शेजारच्या भाजीबागेला बांध घातला, त्याला चुना मारला. "बाई, मैदान करताय की खाण खोदताय?" असं न्हावी हमखास खिजवायचा. आज तोच खेळायला आला, तासभर मैदानात वणवण फिरला आणि बादलीत गुपचूप एकच दगड टाकला. बाईंनी तो चष्म्याजवळ नेला. दगडाला चुना होता. "बांधातला काढलास?" न्हावी ओशाळला. "मैदानात एकही सापडेना, बाई. रिकाम्या हाताने तुम्ही खेळू दिलं नसतं." बाईंनी मैदानभर नजर फिरवली, चार वर्षांत पहिल्यांदाच बादली उपडी घातली आणि तिच्यावर ऐसपैस बसल्या. "आधी हा दगड जागेवर ठेव, मग खेळ."