हजाराच्या आतले हेडफोन

कामशेतच्या पप्पूदादाच्या दुकानात सृष्टीने अर्धा तास हेडफोन पारखले.

"हे घे ताई, कान एकदम पॅक. शेजारी डीजे लावला तरी ऐकू यायचा न्हाई."

तिने ते घालून पाहिले आणि परत ठेवले.

"मग हे बघ. हजाराच्या आत असला मोकळा आवाज न्हाई भेटायचा. माळावर बसून गाणं ऐकल्यागत वाटतं. पण खरं सांगतो, बाहेरचं समदं आत येतं. मागं कोण शिंकलं तरी कळंल."

"हेच द्या."

मालातली खोट सांगितल्यावर तोच माल खपण्याची पप्पूदादाची ही पहिलीच वेळ.

एसटी सृष्टीला फाट्यावर सोडते. तिथून आंदर मावळातलं तिचं गाव चार किलोमीटर चालत. वाटेतल्या पुलावर तिघं जण रोज तिच्या येण्याच्या वेळेला बसलेले असतात आणि ती दिसली की सुरू होतात. घरी सांगितलं असतं तर त्या तिघांचं काही बिघडलं नसतं, तिचं कॉलेज तेवढं बंद झालं असतं. म्हणून आज तिने हेडफोन कानावर चढवले, फोन बंद करून पिशवीत टाकला आणि गाण्यात गुंगल्यासारखी पुलावरून पुढे गेली. युक्ती लागू पडली. एकानेही शिट्टी मारली नाही.



तिला काही ऐकू जात नाही अशी खात्री झाल्यावर, उद्या ओढ्यापाशी तिला कुणी अडवायचं हे तिघं तिच्या मागून चालत मोठ्याने ठरवू लागले.