दोन टोल

"दोनचे टोल पडल्याबिगर कारकुनाला जागचं उठता येत न्हाय, मावशी," राजेसाब शिपाई म्हणाला. "गोऱ्या सायबाचा कायदा हाय."

नागव्वानं काखेतलं भाकरीचं गाठोडं सावरलं. परतीची गाडी दीडला होती. मोडनिंबला घरी म्हैस आजउद्या व्यायला झालेली, त्यामुळं मुक्काम जमणार नव्हता. आणि लेक शिवयोगी सोलापूरच्या या सरकारी कचेरीत चिकटल्यापासून दिवाळीलाही घरी आला नव्हता. रजाच मिळाली नाही.

"नुसतं तोंड बघून जातो की."

"मला बोलणी बसतील, मावशी."

नागव्वाचा नवरा शिवपुत्र मागं उभा होता. त्या दगडी कमानी, तो घुमट, भिंतीवरची बादशहाची तसबीर बघून त्याची छाती दडपली होती. त्यानं खालच्या पायरीशीच वहाणा काढल्या होत्या आणि उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला होता. नागव्वा मात्र तशीच फटफट वर चढली होती.

इतक्यात आतून हाक आली आणि राजेसाब पळाला. दारापाशी टोल द्यायचा पितळेचा तास टांगला होता, शेजारी लाकडी मोगरी. नागव्वानं पदर खोचला, मोगरी उचलली आणि ठाण, ठाण असे दोन टोल हाणले.

सगळी कचेरी हलली. कागद मिटले, खुर्च्या सरकल्या. घड्याळ बघायची कुणाला गरज वाटली नाही. कारकून घोळक्यानं बाहेर आले आणि त्यांच्यात शिवयोगी.

"अव्वा!" तो ओरडलाच.

राजेसाब धापा टाकत आला. "मावशी, काय केलं ह्ये!"

नागव्वानं हात जोडले. "देवाच्या दारात आल्यावर घंटा वाजवायची न्हवं का, बाबा?"

कारकून पोट धरून हसले. शिवपुत्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब दौऱ्यावर होता म्हणून निभावलं. लिंबाखाली बसून शिवयोगीनं शेंगाचटणीशी तीन भाकऱ्या मोडल्या. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. एक भाकरी राजेसाबलाही मिळाली, तेव्हा तोही हसला.

गाडी हलल्यावर शिवपुत्राला राहवेना. "चार माणसांत लाज काढलीस की. एवढी शिकलेली माणसं हसली. कचेरीला कुणी देऊळ समजतं व्हय?"

नागव्वानं रिकाम्या फडक्याची नीट घडी घातली.

"वहाणा तुमी काढल्या," ती म्हणाली. "म्या दोनचे टोल दिले."