भिंतीतला तवा

दैवशालाबाईंच्या स्वयंपाकघरात भिंतीतून अर्धा तवा बाहेर आला होता. कल्याणनं तो पाहिला आणि सोडून दिला. लोक भिंतीत काय काय खोचून ठेवतात, आपण कशाला बघायचं. त्याला बघायची होती भेग, आणि भेग काही दिसत नव्हती.

कल्याण नगरपंचायतीचा नवा अभियंता. जालन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, त्यामुळे जमिनीशी त्याची ओळख जुजबीच. घरपट्टीची नवी आकारणी निघाली होती आणि दैवशालाबाईंनी मुदतीत हरकत घेतली होती: घर तडकलंय, त्याची किंमत उतरलीय, तेव्हा पट्टीही उतरवा. अर्ज रीतसर होता. पण उन्हाळ्यातली पाहणी लांबत लांबत भाद्रपदात आली, आणि आता भिंत कशी शहाण्यासारखी उभी होती. वरपासून खालपर्यंत पेन्सिलीनं ओढल्यासारखी एक रेघ, बस्स. अहवाल आजच द्यायचा होता. त्यात ‘भेग नाही’ असं गेलं, की पुढची चार वर्षं बाईंना धडधाकट घराची पट्टी भरणं आलं.

एवढ्याशा रेघेवर काही कमी होत नाही मावशी, असं त्यानं जमेल तितक्या गोड आवाजात सांगितलं.

बाई चिडल्या नाहीत. आष्टीचे लालचंदशेठ चैत्रात हे घर गोदामासाठी घ्यायला आले होते, भिंतीत पंजा घालून बघितला आणि चहा न घेताच निघून गेले, हवं तर त्यांना विचारा, म्हणाल्या. मग पुढे होऊन त्यांनी तव्यावर बोट टेकवलं.

“उन्हाळाभर भाकरी झाली की तवा ह्याच भेगंत ठेवत होते, साहेब, फळीवानी. मिरगात पाऊस आला, काढायचा राह्यला, अन् भिंतीनं धरला.”

कल्याण हसला. तवा धरून त्यानं ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग भिंतीला पाय लावून ओढला. सोबत आलेला शिपाई भिवा टेप खाली ठेवून मदतीला आला. दोघांचे चेहरे लाल झाले, पण तवा जागचा हलेना.

“उगं दमू नका,” बाई म्हणाल्या. “दिवाळी सरली की माती वाळती, मंग दोन बोटांनी निघतो. उन्हाळ्यात ह्या घराची दोन घरं होत्यात. पावसाळ्यात एक.”

कल्याणनं भिंतीला तळहात लावला. भिंत गार होती, गप्प होती. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, हे त्यानं कॉलेजात पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. पण ती विटा, पत्रे, चूल, माणसं सगळ्यांसकट अख्खं घर उचलते आणि पुन्हा खाली ठेवते, तेही दर वर्षी, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. पायाखाली एवढं मोठं काहीतरी चाललंय आणि आपल्याला पत्ताही नाही, या विचारानं त्याच्या अंगावर काटा आला. भिवानं तव्यावरचा हात हळूच काढून घेतला.

कल्याणनं तव्याचा फोटो काढला, लालचंदशेठचं नाव जबाबासाठी टिपलं आणि उभ्याउभ्याच अहवाल लिहिला. घराचं मूल्य निम्म्यावर आणावं, अशी शिफारस केली. बाईंनी तो वाचून दाखवायला लावला. निम्मं ऐकल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग कारणाचा रकाना आला. जमीन निकृष्ट.

“हे न्हाई चालणार,” त्या म्हणाल्या.

कारण लिहिल्याशिवाय पट्टी कमी होत नाही, हे त्यानं परोपरीनं समजावलं.

“घराला काय नावं ठेवायची ती ठेवा, साहेब. पण मागं ह्याच मातीत माझा कापूस उभा हाय, छातीएवढा. तिला निकृष्ट म्हणाल, तर मी सही करणार न्हाई. पट्टी भरीन.”

कल्याणनं मागच्या दारातून बाहेर पाहिलं. शब्द खोडला. मग त्यानं लिहिलं: जमीन फार ताकदीची. घराला ती पेलत नाही.