तारेवरचा पांढरा थर

"वहिनी, आज आरशात बघितलंत का?" भाऊजींनी स्वतःच्या दातांवर बोट टेकवत विचारलं.

चष्म्याच्या दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं. वहिनी काउंटर पुसत होत्या. त्यांनी आरशाकडे पाहिलंच नाही. तार दिसू नये म्हणून तिच्यावर दिलेला पांढरा थर जागोजागी सोलला गेलाय, हे त्यांना जिभेनं आधीच सांगितलं होतं. उघड्या पडलेल्या धातूवर तपकिरी ठिपके आले होते.

"तुम्ही चष्मा बसवायला वाकलात की ती तार बरोब्बर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येते. ती निघेपर्यंत मागच्या खोलीत बसा. काचा घासा. फ्रेम मी बसवीन."

"तुम्ही बसवलेले चष्मे घसरतात, भाऊजी."

"घसरू देत. या वयात दातांना तारा लावायची हौस कुणाला होती? आणि बाकीच्यांच्या तारा नाही गंजत. तुमच्या लाळेतच काहीतरी असणार."

वहिनींनी फडकं खाली ठेवलं.

"डॉक्टरांनी विचारलं, चुळा कसल्या भरता. मी आपली बाटली दाखवली."

बेसिनवर निळ्या औषधाची बाटली होती. तोंडाचा वास नको म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाआधी त्या औषधाची चूळ भरायची, हा दुकानाचा नियम. केला भाऊजींनी, पाळत आल्या एकट्या वहिनी.

"डॉक्टर म्हणाले, दिवसभर असल्या चुळा भरल्यावर कुठला थर टिकणार? थर गेला की तारही खाल्ली जाते."

भाऊजींनी बाटलीकडे पाहिलं, मग पंख्याकडे.

"मग पुन्हा पांढरीच बसवून घ्या. जरा चांगल्यातली."

"साधी स्टीलची सांगून आलेय."

"म्हणजे सगळ्यांना दिसणार."

"दिसेल. सोलणार तर नाही."

एवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या. निवृत्त शिक्षिका, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी आपला सोनेरी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. सोनेरी रंग उडाला होता आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना हिरवट डाग उमटले होते.

"इथूनच घेतला होता. धुतलं तरी जात नाही हे."

भाऊजी लगबगीनं पुढे झाले. वहिनींना त्यांनी मानेनंच मागची खोली दाखवली. मग गोड आवाजात म्हणाले, "काय असतं बाई, घामाचा गुण असतो. एकेकाचा घाम जरा आंबट असतो."

बाईंनी नाकावर रुमाल दाबला. जन्मभर वर्ग गप्प केलेली बाई एका वाक्यात ओशाळली.

वहिनी मागच्या खोलीच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. तिथून वळल्या.

"घाम सगळ्यांनाच येतो," त्या म्हणाल्या. "मुलामा पातळ होता. दुकान फ्रेम बदलून देईल."

"वहिनी."

"तुम्ही काचा घासा, भाऊजी. बाईंच्या काचा जुन्याच ठेवू, त्या चांगल्या आहेत."

भाऊजी तिथंच उभे राहिले. वहिनींनी खणातून त्याच मापाची एक बिनमुलाम्याची फ्रेम काढली. काचा बसवून झाल्या तेव्हा चूळ भरायची वेळ आली होती. त्या बेसिनपाशी गेल्या नाहीत. सरळ वाकल्या आणि चष्मा बाईंच्या कानांमागे अडकवला.

बाईंची नजर तारेवर गेली. "तुमचंही तेच झालंय का?"

"हो. माझी लाळ आंबट आहे म्हणे."

चष्मा नीट बसला की नाही, हे गिऱ्हाईक हसल्याशिवाय कळत नाही. गाल वर येतात आणि सैल फ्रेम उचलली जाते. पण नुसतं सांगून कुणी हसत नाही. बसवणाऱ्याला आधी हसावं लागतं.

"हसा बघू," वहिनी म्हणाल्या, आणि भाऊजींच्या देखत, सगळे दात दाखवून हसल्या.

बाईही हसल्या. चष्मा जागचा हलला नाही.