मोरपंखी कंदील

डेल्बर्टनं तिसऱ्या लाकडी कंदिलाच्या तळाला शेवटचा स्क्रू मारला आणि तो दारापुढच्या पायरीवर, दोन नारिंगी कंदिलांच्या शेजारी ठेवला. तिन्ही कुंपणाच्या जुन्या फळ्यांचे. डोळे त्रिकोणी, दात वाकडे, आत सेलवरचा दिवा. नारिंगी रंग दोन कंदिलांतच संपला, म्हणून तिसऱ्याला मागच्या दाराचा उरलेला मोरपंखी फासला होता. सहा वाजले की हॅलोवीनची सोंगं घेतलेली मुलं खाऊ मागत दारोदार निघणार होती.

तो पाठ सरळ करतोय तोच समोरच्या घरातली हायडी रस्ता ओलांडून आली. दोन वर्षांचा शेजार, पण हवापाण्यापलीकडे बोलणं नाही. आज तिचे डोळे भरलेले होते.

"मिस्टर क्राउस, तुमचे आभार कसे मानू? आमचा मायलो या वर्षी कुठेच जाणार नव्हता. आता तुमच्याकडे तरी येईल."

"येऊ दे की," डेल्बर्ट म्हणाला.

तिनं छातीवर हात ठेवून मान लववली आणि ती आली तशी गेली. डेल्बर्ट स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तसाच उभा.

"अर्लीन!"

बायको दारात आली. तिच्या हातात शेंगदाण्याच्या चॉकलेटांचं मोठं भांडं होतं.

"समोरची हायडी रडत रडत माझे आभार मानून गेली."

"का? काय केलंस तू?"

"तेच तर कळत नाहीये."

"काहीतरी केलं असशील."

"बघ, काही वाईट झालं तरी तू हेच म्हणतेस."

एवढ्यात दोन कुत्री फिरवणारा एक गृहस्थ फाटकापाशी थांबला. त्यानं टोपी काढली. "शाबास! आपल्या गल्लीत तुम्हीच पहिले." डेल्बर्टनं हात हलवला.

"कोण रे हा?" अर्लीननं हळूच विचारलं.

"मला काय ठाऊक."

"मग हात कशाला हलवलास?"

"त्यानं टोपी काढली म्हणून."

उलगडा केला तो टपालवाल्या रॉबर्टानं. पत्रं देता देता ती म्हणाली, "काय हो क्राउस, अख्ख्या गल्लीच्या तोंडी आज तुमचंच नाव! नाहीतर सगळ्यांना वाटायचं, हा म्हातारा खडूस."

"रॉबर्टा, बाई, मी केलंय तरी काय?"

ती आधी हसली. मग त्याच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं.

"खरंच माहीत नाही? अहो, दारात मोरपंखी कंदील म्हणजे या घरी खाऊ नाही, खेळणं मिळतं. ज्या पोरांना खाऊ सोसत नाही ना, त्यांच्यासाठी खूण आहे ती. त्या मायलोला शेंगदाण्याचा नुसता हात लागला तरी अंगभर गांधी उठतात, श्वास अडकतो. मागच्या वर्षी मुखवटा घालून खिडकीत बसला होता बिचारा. दुसऱ्यांच्या पिशव्या बघत."

अर्लीननं हातातलं भांडं हळूच पाठीमागे नेलं.

"नारिंगी संपला होता," डेल्बर्ट म्हणाला.

रॉबर्टानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा अर्लीनकडे. मग ती पुढच्या घराकडे वळली.

"जा, सांगून ये," अर्लीन म्हणाली. "चूक झाली म्हणावं. न केलेल्या चांगुलपणाचे आभार घेऊन बसू नये, डेल्बर्ट. देव बघतो."

तो निघाला. अर्ध्या रस्त्यात थांबला आणि परत आला.

"सांगितलंस?"

"खिडकीत बसलाय तो. बंबवाल्याची लाल टोपी घालून."

"मग?"

"अजून दोन तास आहेत, अर्लीन. आणि तो आत्तापासून टोपी घालून बसलाय."

अर्लीननं एकवार समोरच्या खिडकीकडे पाहिलं.

"एक फळी उरलीये," डेल्बर्ट म्हणाला. "मुठीत मावेल असा चिमुकला कंदील करतो त्याला. आणि त्याच्या आईला खरं तेच सांगतो. रंग चुकून लागला, पण हा मुद्दाम केलाय."

अर्लीन गाडीकडे वळली. ते भांडं गाडीच्या डिकीत ठेवून, डिकी बंद करून, हात धुऊन ती गॅरेजमध्ये आली, तेव्हा तो फळीवर पेन्सिलीनं डोळे आखत होता.

"थांब!"

तो दचकला. ती बोट दाखवत होती. भुशात चॉकलेटांचे सोनेरी कागद पडले होते.

"सकाळपासून किती खाल्लीस?"

"सहा." तो थांबला. "सात असतील."

दोघांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. मग पेन्सिलीकडे, फळीकडे, करवतीच्या मुठीकडे, पॉलिश पेपरकडे, रंगाच्या डब्याकडे. मग दारातून बाहेर, पायरीवरच्या कंदिलाकडे.

डेल्बर्ट कोपऱ्यातल्या नळावर गेला. साबण लावून त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. अर्लीन म्हणाली, "पुन्हा." त्यानं पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले तेव्हा नखांतला रंगही निघून गेला. नळ बंद करायला त्याचा हात पुढे झाला आणि मधेच थांबला. नळ त्यानं आधीच्याच हातांनी उघडला होता. अर्लीननं पुढे होऊन तो कोपरानं बंद केला.

खुंटीवरचा टॉवेल त्याचाच. अंगातली पँटही सकाळचीच. दोन्ही ओले हात अंगापासून लांब, वर धरून तो गॅरेजच्या मधोमध उभा राहिला. कोपरांवरून पाणी भुशात ठिबकत होतं.

"अर्लीन," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता मी कशाला हात लावू?"