रविवारचा आवाज

"मी मजेत आहे, बाबा. अभ्यास छान चाललाय. जेवणपण चांगलं आहे."

रेणुकादास सरांनी फोन कानापासून जरा दूर धरला. वरद लातूरच्या वसतिगृहातून बोलत होता. पण आवाज त्याचा नव्हता. पातळ, कपाळात चढलेला, छातीचा आधार सुटलेला. गाणारे लोक त्याला खोटा आवाज म्हणतात.

"आवाज एवढा वर का लावलास? सर्दी झाली का? मिठाच्या गुळण्या कर. अन् सकाळी उठून जरा खर्ज लाव, घसा मोकळा होईल."

"हो, बाबा." मग त्यानं फोन ठेवला.

"लेकरू मजेत आहे म्हणतंय अन् तुम्ही त्याला गुळण्या सांगून राहिलात," वरदची आई प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "गाण्याच्या मास्तरला पोरगासुद्धा शिष्यच दिसतो."

नांदेडच्या एका शाळेत सर संगीत शिकवत. वरदचा आवाज फुटला तेव्हा वर्गातली पोरं त्याला हसायची. सरांनी त्याला पेटीपुढं बसवलं. हा खर्ज, खालच्या सुरांचा, छातीत घुमणारा. हा खुला आवाज, रोजचा. आणि हा खोटा. वरचे सूर गाठायला काहीजण लावतात. वरद तिन्ही आवाजांत आईला हाका मारायचा आणि हसत सुटायचा. त्याचा स्वतःचा आवाज मात्र खर्जाकडंच झुकलेला. पुढं डॉक्टर व्हायचं म्हणून तो लातूरला क्लासला गेला. गाणं राहिलं.

पुढच्या रविवारी तोच पातळ आवाज आला. सरांनी पुन्हा गुळण्या सांगितल्या.

दोन दिवसांनी शेजारची श्रद्धा शिकवणीला आली. वरचा षड्ज लावताना तिचा आवाज पातळ झाला.

"खोटा आवाज नको, श्रद्धा."

"वरचा सा पोचतच नाही सर, म्हणून लावते. उद्या बोलतानाही पकडाल मला!"

"बोलताना कुणी कशाला लावील? बोलायला कुठं वर चढावं लागतं..."

सर मध्येच थांबले. पेटीचा भाता उघडाच राहिला. सर्दीनं आवाज बसतो, जाड होतो. असा वर चढत नाही. हे ते कितीतरी मुलांना सांगत आले होते. मग पोरगा हा आवाज का लावतोय? काय लपवतोय आपल्यापासून?

दुसऱ्या दिवशी लातूरच्या एसटीत बसूनही त्यांना धीर नव्हता. आपलंच चुकत असेल. बायको हसेल. पोरगा चिडेल.

वसतिगृहाच्या ऑफिसात रेक्टरनं खुर्ची पुढं केली. "अहो सर, आज मधीच कसं काय? लेकरू लई मजेत हाय तुमचं. दर रविवारी माझ्यासमोरच बोलतंय की, स्पीकरवर."

"स्पीकरवर?"

"सगळ्यांलाच तसं बोलाया लावतो. कुणी रडगाणं सुरू केलं की त्याचा पुढचा फोन बंद. पोरं घट्ट व्हाया पायजेत."

वरद जिना उतरून आला. शर्ट खांद्यांवरून ओघळत होता. डोळे खोल गेले होते. वडलांना पाहून तो पायरीवरच खाली बसला.

सर त्याला फाटकाबाहेर घेऊन आले. बराच वेळ त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"घरी चल. आई वाट पाहतेय," ते शेवटी म्हणाले. "पण एवढं सगळं माझ्यापासून का लपवलंस रे?"

वरदनं मान वर केली. बोलला तेव्हा त्याचा आवाज खर्जातला होता, भेगाळलेला.

"लपवत नव्हतो, बाबा. तुम्हालाच सांगत होतो. तिथं बसलेल्या दुसऱ्या कुणाला तो आवाज कळला नसता."