ताईची खूण

गुडघा चोळतच धाकटी ताईच्या रेसच्या सायकलवरून उतरली. अपघातानंतर ताई व्हीलचेअरवर आली, पण सीटच्या दांड्यावर तिच्या उंचीच्या खुणेची चिकटपट्टी तशीच होती. धाकटी चार बोटं बुटकी. पेडलला पाय पुरेनात, हँडलला हात पुरेनात, तरी सीट खाली घ्यायला तिचं मन धजेना. “उद्या रेस, आणि तू माझ्या उंचीवर लोंबकळतेस,” ताई म्हणाली. “पाना दे.” “ताई, तुझी खूण आहे ती.” “माझीच आहे. म्हणून मीच काढतेय.” खुर्चीतूनच तिनं पट्टी उचकटली, सीट खाली आणून पुढे सरकवली, हँडल वर घेतलं. धाकटी बसली, पाय अलगद पेडलवर टेकले. वर्षभर ताईनं आपली खुर्ची मापाची करायला पाना लावू दिला नव्हता. ‘ही काय कायमची आहे?’ म्हणायची. तोच पाना तिनं धाकटीला दिला. “माझे पाय लोंबतात. फूटरेस्ट वर घे. खुर्ची रोज चालवायचीय.”